बाटलीतली थंडी

१

“विष्णूकाका, चोरी झालीय,” प्रज्ञा फोनवर म्हणाली.

“काय गेलं?”

ती जरा थांबली. “थंडी.”

जून संपत आला होता. दिल्लीत त्या दिवसांत थंडी कुणाकडेच नसते, त्यामुळे ती चोरीला जाण्यासारखीही नसते. आपल्या ऐकण्यातच चूक झाली असेल असं वाटून मी पुन्हा विचारलं.

“बाटली जागेवर आहे, काका. आतलं अत्तर आहे, रंग तोच आहे. फक्त त्यातली थंडी नाहीशी झालीय. काल दुपारी होती, आज सकाळी नाही. आणि आज संध्याकाळी मला तीच बाटली घेऊन जायचंय.”

प्रज्ञा माझ्या दत्तात्रय नावाच्या मित्राची मुलगी. आम्ही दोघं एकाच सरकारी कचेरीत अनुवादक होतो. तो जाऊन बरीच वर्षं झाली. फरीदाबादला प्रज्ञाची छोटी प्रयोगशाळा आहे. उदबत्त्या, साबण, खोलीत फवारायचे सुगंध बनवणाऱ्यांना ती वास तयार करून देते.

“अगं, पण मी येऊन काय करणार? मला तर धड वासही येत नाहीत.”

“वाचनालयातली पानं तुम्हीच शोधली होतीत ना.”

हा गैरसमज माझी पाठ सोडत नाही. मंडळाच्या वाचनालयात कुणीतरी रहस्यकथांची शेवटची पानं फाडत असे. मी एवढंच सुचवलं होतं, की जो सभासद रहस्यकथा कधीच घरी नेत नाही त्याला विचारून पाहावं. ज्याला त्या आवडतात तो पानं कशाला फाडेल. तोच निघाला. तो निघाला नसता तर मी पुढची दहा वर्षं तिकडे फिरकलो नसतो.

“कोणाचा फोन?” आतून माझ्या बायकोने, नीलाने, विचारलं.

“प्रज्ञाच्या बाटलीतली थंडी गेली म्हणते.”

“मग जा की. सापडली तर थोडी घरी घेऊन या.”

मी फोन ठेवणार एवढ्यात प्रज्ञा हळूच म्हणाली, “काका, आणखी एक शक्यता आहे. ती मी इथे कुणाला सांगितलेली नाही.”

“कुठली?”

“थंडी गेलेली नसेल. माझं नाक गेलं असेल.”

२

ती साथ आली त्या वर्षी प्रज्ञाचं नाक बंद पडलं होतं. ताप चार दिवसांत उतरला, वास मात्र कित्येक महिने परतले नाहीत. परतले तेही वेडेवाकडे. कॉफीला जळक्या रबराचा वास, आंघोळीच्या साबणाला सडक्या कांद्याचा. आणि कधी कधी काहीच नसताना काहीतरी. हळूहळू सगळं जागेवर आलं. पण विश्वास जागेवर यायला नाकापेक्षा जास्त वेळ लागतो.

मी पोचलो तेव्हा ती एका उंच स्टुलावर बसली होती. समोर निळसर काचेची बाटली आणि कागदाच्या अरुंद पट्ट्या. बाटलीवर स्वच्छ छापलेलं लेबल होतं: गारा.

“थंडी हा मुळात वास नाही, काका,” तिने समजावलं. “नाकात दोन वेगळ्या नसा काम करतात. एक वास ओळखते. दुसरी झणका, तिखटपणा, गारवा ओळखते. पुदिन्याचा अर्क त्या दुसऱ्या नसेला फसवतो. पण नुसता पुदिना घातला तर टूथपेस्ट होते. कापूर घातला तर देवघर. नीलगिरी घातली तर सर्दीचं बाम. या सगळ्यांना जेमतेम दारात उभं करायचं, आत घ्यायचं नाही. मग थोडा लोखंडासारखा वास, थोडा ओल्या दगडासारखा. वाळा अगदी नावापुरता. आणि ऊबदार, गोड असं काहीही नाही. व्हॅनिला नाही, चंदन तर नाहीच. चंदनाचे चार थेंब पडले की खोलीत कुणी शेगडी पेटवल्यासारखं होतं. थंडी करायची म्हणजे अर्धं काम न घालण्याचं.”

“आणि हे थंडीचं अत्तर आहे हे कोणाकोणाला माहीत होतं?”

“फक्त अंशुमनला, माझ्या सहकाऱ्याला. मुद्दामच. ‘हे थंड आहे’ असं सांगून नाकाखाली साधं पाणी धरलं तरी माणसाला ते थंड लागतं. मला काही न सांगता वास घेणारी नाकं हवी होती. नावसुद्धा कालपर्यंत ठेवलं नव्हतं. काल दुपारी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, तिथे बसल्या बसल्या सुचलं. लहानपणी आजोळी गारा पडल्या होत्या, मी मुठीत धरून वितळेपर्यंत हुंगत बसले होते. माझ्या मदतनीस इशिताला मेसेज केला, की बाटलीवर ‘गारा’ असं लेबल लाव.”

“मग आज सकाळी?”

तिने एक पट्टी बाटलीत बुडवली, नाकापासून जरा लांब धरली आणि डोळे मिटले. “भिंत. ओल्या मातीची भिंत. आणि चंदन. थंडीचा मागमूस नाही. पण मी यात माती घातलेली नाही, चंदन घातलेलं नाही. मग हे वास येतायत कुठून? मागेही नसलेले वास यायचे.”

“दुसऱ्या कुणाला विचारलंस?”

“अंशुमनला. तो म्हणाला, थंड आहे की, कालच्यासारखंच. बाकीच्यांना एवढंच विचारलं, की यातून कुणी काही काढलंय का. सगळे नाही म्हणाले.”

संध्याकाळी तिला कस्तुरबा गांधी मार्गावर जायचं होतं. तिथल्या अतिथिगृहात कोल्हापूरच्या सुरेखाबाई उतरल्या होत्या. त्यांचा उदबत्त्यांचा मोठा व्यवसाय, आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी त्यांना एक गार सुगंध हवा होता.

“नवीन बनवता येणार नाही का? प्रमाण तर तुझ्या डोक्यात आहे.”

“दोन तासांत बनेल. पण बरोबर बनलं का ते कशाने बघू?” ती बाटलीकडे बघत म्हणाली. “नाक नसलेल्या बाईने हे काम करू नये, काका. खरंच गेलं असेल तर मी आजच सुरेखाबाईंना नाही कळवते आणि महिनाअखेर हे सगळं बंद करते.”

तेवढ्यात दार ढकलून इशिता आत आली. तिच्या हातात ट्रे होता.

“काका, चहा घेतली नसेल ना तुम्ही? मी बनवली आहे. अदरकवाली.”

इशिता करोल बागेतली. तिच्या घरात तीन पिढ्यांपासून मराठी आहे, पण प्रत्येक पिढीत थोडी थोडी सांडत आलेली. मी चहा घेतला आणि पट्टी तिच्यासमोर धरली.

“इशिता, कसं वाटतं?”

तिने वास घेतला. प्रज्ञाकडे बघितलं आणि घाईने म्हणाली, “मस्त आहे. बिल्कुल नावासारखा.”

प्रज्ञाने पट्टी खाली ठेवली. ती उठली आणि बाहेर गेली. आता दोन माणसं म्हणत होती की थंडी बाटलीतच आहे.

३

“काल संध्याकाळचं सांग जरा,” मी इशिताला म्हणालो.

“काही स्पेशल नाही, काका. दीचा मेसेज आला, मी लेबल प्रिंट केलं. गारा तयार झालाच होता, बस नाव लावायचं होतं. मग बाहेरून मारुतराव अंकलची आवाज आली, की गेट बंद करतोय. मी निघाले.”

चहा घेतली, आवाज आली. दिल्लीत वाढलेल्या मुलांच्या मराठीला मी दुरुस्त करायचं केव्हाच सोडलं आहे. माझी नातवंडं तर माझ्याशी इंग्रजीत भांडतात.

“त्यातून कुणी काही काढलं असेल?”

“नाही, काका. एक थेंबसुद्धा नाही काढला कुणी.”

हे तिने थेट माझ्याकडे बघून सांगितलं. मग तिची नजर कोपऱ्यातल्या कपाटाकडे गेली आणि झटकन परतली.

“दी ठीक आहे ना?” तिने विचारलं. “तिचं नाक, म्हणजे... तुम्हाला काही म्हणाली का ती?”

“तुला काय वाटतं?”

“मला काही नाही वाटत,” ती म्हणाली आणि रिकामा ट्रे घेऊन गेली. चहाचे कप मात्र इथेच राहिले.

अंशुमन मागच्या खोलीत यंत्राजवळ बसला होता. तो रसायनतज्ज्ञ, प्रज्ञाबरोबर पहिल्यापासून आहे. मी दारात उभा राहिलो, तर तो फोनवर अगदी हलक्या आवाजात बोलत होता: “हां जी, आज शायद पॉसिबल नहीं होगा. मैडम की तबीयत...” मला पाहून त्याने फोन बंद केला.

“सुरेखाबाईंकडे?” मी विचारलं.

“त्यांच्या असिस्टंटला.” त्याने चष्मा काढून पुसला. “प्रज्ञाला सांगू नका, काका. प्लीज.”

“लोक म्हणतात, तुला गुरुग्रामहून नोकरीची ऑफर आहे.”

“लोक म्हणजे मारुतराव. आहे ऑफर. म्हणून मी प्रज्ञाचा धंदा बुडवीन? काका, यार, तुम्ही पण.” तो दुखावला होता आणि दुखावल्यामुळे जास्त खरा वाटत होता. “सकाळी तिचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. म्हणे भिंतीचा वास येतो. अत्तर व्यवस्थित थंड आहे. अशा अवस्थेत ती सुरेखाबाईंसमोर काय बोलली असती? मी तिला वाचवत होतो.”

“तू वास घेऊन पाहिलास?”

“वास?” तो कसनुसा हसला. “मी यंत्रवाला माणूस. नाकाचं खातं तिच्याकडे. मी आपलं हे असं करतो.” त्याने बाटलीतले दोन थेंब माझ्या मनगटावर घातले. “अल्कोहोल उडून जाऊ द्या. आता सांगा.”

आम्ही थांबलो. ओल वाळली. मनगट कोरडं झालं, आणि तरीही त्या जागी कुणी बर्फाचा खडा टेकवून ठेवल्यासारखा गारवा होता.

माझ्या नाकावर कुणी विश्वास ठेवू नये. पण ही माझी कातडी होती, आणि ती सांगत होती की थंडी बाटलीतून कुठेही गेलेली नाही.

४

मी अंगणात येऊन लिंबाच्या सावलीत बसलो. हे प्रकरण मला झेपणारं नाही, असं नीलाला फोन करून सांगावंसं वाटत होतं. प्रज्ञा खोटं बोलत नव्हती. अंशुमनही नव्हता. एकाला थंडी लागत होती, एकीला लागत नव्हती. यावर सर्वांत सोपं उत्तर तेच होतं, जे मला तिला द्यायचं नव्हतं.

मारुतराव भांडार सांभाळतात. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. प्रयोगशाळेच्या किल्ल्या त्यांच्याकडे. कपाळावर रोज सहाणेवर उगाळलेलं चंदन. ते चंदन पाहून माझ्या मनात जे आलं ते त्यांनीही ओळखलं असावं.

“विचारा, साहेब. मघाशी ताई ‘चंदन, चंदन’ म्हणत बाहेर आल्या. या आवारात चंदन म्हणजे मीच.”

मी ओशाळलो. “तसं नाही.”

“तसंच आहे, आणि बरोबर आहे. पण हे बघा.” त्यांनी कपाळाला बोट लावून माझ्यासमोर धरलं. “ही पाण्यातली उटी. अत्तरात टाकली तर सगळं गढूळ होईल. बाटली तर आरशासारखी आहे.”

“काल तुम्ही गेट बंद केल्यावर कुणी आलं होतं?”

“इशिता. गेली होती, पण परत आली. डबा राहिला म्हणाली. मी किल्ली दिली. पोरगी घाईत होती, पण मनाने चांगली आहे हो. जाताना डबा विसरलीच परत.”

“परत?”

“त्या खिडकीत आहे अजून.”

खिडकीत स्टीलचा डबा होता खरा. मी त्याच्याकडे बघत राहिलो. मारुतरावही बघत राहिले. मग त्यांना वाटलं मी काचेतून बाटलीकडे बघतोय.

“नाव झकास ठेवलंय ताईंनी,” ते म्हणाले. “आमच्याकडे गारा पडल्या की बाया अंगणात पराती मांडायच्या. आणि लडाखला होतो तेव्हा एकदा अशा पडल्या, अशा पडल्या, की आम्ही डोक्यावर पातेली घेऊन पळालो. सुभेदार म्हणाले, ही कुठली रेजिमेंट.”

ते हसले. मी मात्र हसायचं विसरलो.

पडल्या. गारा पडल्या. प्रज्ञाही मघाशी तसंच म्हणाली होती. त्यात काही विशेष नव्हतं. मराठीत तसंच म्हणतात. विशेष होतं ते दुसऱ्या एका वाक्यात, आणि ते मी चहाबरोबर गिळून टाकलं होतं.

मी उठलो. “मारुतराव, सगळ्यांना आत बोलावता? आणि ते कोपऱ्यातलं कपाट उघडायला लागेल.”

५

आम्ही पाच जण त्या लहानशा खोलीत जमलो. लोकांसमोर बोलायची मला सवय नाही. मी टेबलाचा आधार घेतला.

“माझं चुकत असेल,” मी म्हणालो, “चुकत असेल तर मध्येच थांबवा. आपण सकाळपासून एकच प्रश्न विचारतोय: बाटलीतून कुणी काय काढलं. कुणी काहीच काढलेलं नाही. माझ्या मनगटावर अजून गारवा आहे. पुदिन्याचा अर्क आत आहे, कालइतकाच. अंशुमन कातडीवर लावून बघतो, म्हणून त्याला थंड लागलं. प्रज्ञा कागदाच्या पट्टीवर हुंगते, म्हणून तिला नाही लागलं. दोघंही खरं सांगतायत. हे कसं शक्य आहे?”

“वरून काहीतरी पडलं असेल तर,” प्रज्ञा सावकाश म्हणाली. “कातडीला फक्त पुदिना कळतो. नाकाला सगळं कळतं. वर काहीतरी ऊबदार असेल तर नाक आधी तेच ऐकतं.”

“म्हणजे थंडी चोरीला गेली नाही. पुरली गेली. तू कशाचा वास येतो म्हणालीस?”

“माती. आणि चंदन.”

“हे दोन्ही एकत्र कशात असतं?”

उत्तर अंशुमनने दिलं. “मिट्टीचं अत्तर. कनौजचं. भाजलेली माती चंदनाच्या तेलात उतरवतात.” तो कपाटाकडे गेला. एका लहान कुपीचं बूच नीट बसलेलं नव्हतं. बाहेरून तेलाचा ओघळ होता. “काका, ही कालपर्यंत भरलेली होती.”

इशिताचे हात ओढणीत गुंतले होते.

“आता कुणी घातलं,” मी म्हणालो. “ज्याला वाईट करायचं आहे तो बाटली पळवेल, फोडेल, नाहीतर सिंकमध्ये ओतेल. इतकं महाग अत्तर काळजीपूर्वक मिसळणारा माणूस बिघडवत नसतो, सुधारत असतो. त्याला वाटलं, यात माती हवी आणि ती राहून गेली. असं कुणाला का वाटावं? हे अत्तर थंडीचं आहे हे प्रज्ञाने मुद्दाम कुणाला सांगितलं नव्हतं. बाकीच्यांकडे एकच धागा होता. हे लेबल.”

मी बाटली वळवून सर्वांसमोर ठेवली.

“प्रज्ञा म्हणाली, गारा पडल्या होत्या. मारुतराव म्हणाले, गारा पडल्या. इशिता मला म्हणाली, गारा तयार झाला होता.”

“दिल्लीची मराठी आहे, काका,” अंशुमन म्हणाला. “आम्ही सगळेच असं काहीतरी बोलतो.”

“मलाही तेच वाटलं. ती ‘चहा बनवली’ म्हणते, ‘आवाज आली’ म्हणते. पण तिच्या चुका नेमाने होतात. हिंदीत चाय बनवली जाते, म्हणून ती चहा बनवली म्हणते. हिंदीत आवाज येते, म्हणून आवाज आली. जिथे तिची मराठी सुटते तिथे ती हिंदीचा हात धरते. मग ‘गारा झाला’ म्हणताना तिने कोणाचा हात धरला? हिंदीत गारा पडत नाहीत. हिंदीत गारा कालवतात.”

“ईंट-गारा,” मारुतराव पुटपुटले.

“विटा रचायची माती. आपले गवंडीही म्हणतात, पण तो गारा. प्रज्ञाच्या मनात होत्या त्या गारा. लिहिताना दोन्ही सारखंच दिसतं.”

इशिता बाटलीकडे बघत होती. “त्या गारा म्हणजे काय?” तिने बारीक आवाजात विचारलं.

“हिंदीतले ओले,” मी म्हणालो. “आकाशातून पडणारे.”

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“मी लेबल लावलं आणि वास घेतला,” ती म्हणाली. “त्यात मिट्टी नव्हतीच. सगळं पुदिना आणि लोहा. मला वाटलं दीने घातली असणार, म्हणजे तिला वाटतंय की घातली, पण... मला वाटलं दीला आता येतच नाही वास. आणि ती कोल्हापूरवाली मॅडम सगळ्यांसमोर म्हणेल, यात गारा कुठे आहे. म्हणून मी परत आले. मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. दीला तर बिल्कुल नाही.” तिचा आवाज चिरकला. “आणि आज सकाळी तिने विचारलं, काही काढलंय का. मी इतकी मिट्टी घातली होती आणि तिला तीच नीट येत नव्हती, असं मला वाटलं. मग मी कसं सांगणार?”

प्रज्ञा स्टुलावर बसली. मला वाटलं, मी हे सगळ्यांसमोर उघड करायला नको होतं.

“म्हणजे भिंत खरी होती,” ती शेवटी म्हणाली.

“हो.”

“आणि चंदनही.”

“तेही.”

तिने पट्टी पुन्हा उचलली, डोळे मिटले, वास घेतला. तिच्या खांद्यांतून काहीतरी उतरलेलं आम्हा सगळ्यांना दिसलं. मग तिने इशिताला जवळ ओढलं. “वेडे, माझं नाक तुझ्यापेक्षा चांगलं चालतंय. तू विचारलं असतंस तर?”

“तू रडली असतीस.”

“रडले असते,” प्रज्ञा म्हणाली. “सकाळपासून तेच करतेय.”

अंशुमनने घसा खाकरला. “मला पण एक सांगायचंय. मी मघाशी सुरेखाबाईंच्या असिस्टंटला फोन केला होता.”

“मग आता परत कर,” प्रज्ञा म्हणाली. “सांग, मॅडमची तबीयत उत्तम आहे.”

तिने केस वर बांधले आणि कुप्या मांडायला घेतल्या. इशिता तिच्या शेजारी उभी राहिली. जरा वेळाने तिने घाबरत विचारलं, “दी, हे माझंवालं फेकू नको ना. ओले मिट्टीवर पडतात तेव्हा असाच वास येत असेल.”

“वितळल्यावर येतो तसा,” प्रज्ञा कुपीतून नजर न काढता म्हणाली. “मला न वितळलेल्या हव्यात.”

६

अतिथिगृहाच्या बैठकीच्या खोलीत पंखा संथ फिरत होता आणि एसी बंद पडलेला होता. सुरेखाबाई साठीच्या, ठेंगण्या, इरकल नेसलेल्या. बरोबर आणलेली लवंगी चिवड्याची पुडी त्यांनी आमच्यासमोर सरकवली.

“तुमची तब्येत बरी नव्हती म्हणे.”

“गैरसमज झाला होता,” प्रज्ञा म्हणाली. “नाव काय आहे ते आधी सांगत नाही. तुम्ही फक्त वास घ्या.”

सुरेखाबाईंनी पट्टी घेतली. त्यांचा चेहरा काहीच सांगत नव्हता. चाळीस वर्षं वासांच्या धंद्यात राहिलेल्या माणसाचा चेहरा सांगत नसावा. त्या बोलत राहिल्या. कोल्हापूरला यंदा किती उकाडा होता, कुठल्या आकाराच्या डब्या चालतात, होळीआधी माल तयार हवा. इशिता माझ्या शेजारी श्वास रोखून बसली होती. प्रज्ञा हात मांडीवर ठेवून शांत होती.

बोलता बोलता सुरेखाबाईंनी पदर उचलला, डोक्यावरून घेतला आणि दोन्ही कानांवर घट्ट ओढून धरला. डब्यांचं त्यांचं बोलणं चालूच होतं. आपण हे केलं याचा त्यांना पत्ताही नव्हता.

प्रज्ञाने ते पाहिलं. मग माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घालून चिवडा घेतला.

बाहेर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं, पण रस्ता अजून तापलेलाच होता. अंशुमन गाडी आणायला गेला. इशिता फोनवर आईला काहीतरी सांगत होती: “अगं मम्मी, ओले, ओले. आपल्यात गारा म्हणतात.” आम्ही झाडांच्या कडेने चालू लागलो.

प्रज्ञा मध्येच थांबली. तिने मान किंचित वर केली.

“पुढे जांभळं पडलीयेत,” ती म्हणाली. “पुष्कळ. पिकून फुटलेली.”

मला काही येत नव्हतं. इशितानेही वास घेऊन पाहिला आणि मान हलवली. पुढे नुसता रस्ता दिसत होता, कुंपणाची भिंत आणि दूरवर एक वळण. आम्ही चालत राहिलो. वळणापाशी पोचलो, तर फुटपाथ या टोकापासून त्या टोकापर्यंत जांभळा झाला होता.